छोटा, हलका पेडलबोर्ड घ्यायचाय? कोकणातल्या गिटारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गणपती महिन्यावर आले की फोन सुरू होतात. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, कधी रत्नागिरी-चिपळूणकडून, आणि प्रश्न तेच, पेडलबोर्डाचे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायाने दाबायचे डबे (पेडलं) बसवायच्या फळीचे. मी दुकानदार नाही, ऑर्केस्ट्रात, भजनात आणि डिसेंबरात चर्चच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतो एवढंच. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो म्हटलं.

माझ्याकडे तीनच पेडलं आहेत, बोर्ड लागतोच का?

घरी वाजवत असाल तर नाही लागत, जमिनीवर ठेवा नि वाजवा. पण मंडपात वाजवणार असाल तर तीनलाही लागतो. कारण आपल्याकडे दोन आयटमच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली तर नशीब, फुगडी संपते न संपते तोच निवेदक तुमचं नाव घेऊन मोकळा, आणि तुम्ही वाकून कुठली केबल कुठे ते शोधताय. त्यात खाली ताडपत्री किंवा सतरंजी, पेडल दाबलं की सरकतं, सरकलं की जॅक (केबलच्या टोकाची पिन) अर्धा बाहेर येतो आणि सोलोच्या जागी शांतता. बोर्ड म्हणजे काय, सगळं आधीच जोडून ठेवलेली एक फळी. दोन केबली आणि एक प्लग लावला की काम सुरू.

छोटा म्हणजे किती छोटा?

अंदाज यावा म्हणून दोन मापं सांगतो. पेडलट्रेन कंपनीचा नॅनो प्लस बोर्ड १८ बाय ५ इंच आहे, म्हणजे पेडलांची एकच ओळ. त्यांचाच मेट्रो १६ हा १६ बाय ८ इंच, त्यात मागे छोट्या पेडलांची दुसरी ओळ बसू शकते. माझ्या मते ज्याला स्वतःचं सामान स्वतः उचलायचंय त्याने या दोन मापांच्या पुढे जाऊच नये.

आता पेडलांची मापं बघा. बॉस कंपनीचं नेहमीचं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर खोल असतं. ५ इंच म्हणजे १२७. म्हणजे नॅनो प्लसवर बॉस केसभर बाहेर राहून अगदी बरोबर बसतं, आणि १८ इंचांत अशी पाच, तीपण चपटे जॅक वापरलेत तर. जाडे सरळ जॅक असतील तर चारच. एमएक्सआरसारख्या डब्याची पेडलं साधारण ६० मिलिमीटर रुंद, ती पाच आरामात बसतात, मिनी पेडलं ४० मिलिमीटरच्या आसपास.

विकत घ्यायच्या आधी एक काम करा, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे बोर्डाच्या मापाचा चौकोन काढा, त्यावर पेडलं ठेवा, मध्ये पॅच केबल (दोन पेडलं जोडणारी छोटी केबल) लावा आणि उभं राहून बूट घालून पाय ठेवून बघा. बूट घालूनच, अनवाणी नको. मांडताना पेडलं छान बसतात पण पाय एकाच वेळी दोन बटणांवर पडतो हे स्टेजवरच कळतं.

वजन नेमकं कशाने वाढतं? मला वाटलं पेडलांनीच.

मलापण तसंच वाटायचं. माझा पहिला बोर्ड १८ मिलिमीटर प्लायवर केलेला, दोन फूट बाय सव्वा फूट. नऊ पेडलं, त्यात एक वाह (पायाने वरखाली हलवायचं मोठं पेडल), पाच वेगवेगळे ॲडॉप्टर, त्यांच्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड, आणि वर पत्र्याचे कोपरे लावलेली पेटी. गुहागरकडे एका वाडीत सत्यनारायणाच्या पूजेला कार्यक्रम होता. गाडी रस्त्यावर थांबली आणि खाली बघतो तर जांभ्याची पाखाडी, पावसाने शेवाळलेली, शंभर तरी पायऱ्या असतील, आणि घर अगदी तळाशी पोफळींच्या बागेत. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात ती पेटी, तिची मूठ बोटांत रुतत होती. यजमान आजोबा खाली खळ्यात उभे, मला बघून म्हणाले, "काय रे बाबा, कार्यक्रमाला आलास की बिऱ्हाड घेऊन राहायला?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी वाण्याकडच्या काट्यावर एकेक वस्तू वजन केली. एकूण चौदा किलो. त्यातली पेटी साडेपाच किलो, प्लाय अडीच किलो, ॲडॉप्टर आणि एक्स्टेंशन सव्वा किलो. म्हणजे नऊ किलोच्या वर असं वजन ज्यातून एक सूर निघत नाही. पेडलं सगळी मिळून पाच किलोसुद्धा भरली नाहीत, त्यात वाह एकटं दीड किलोच्या वर.

म्हणून वजन कमी करायचं तर आधी पेटी जाते, मग फळी, मग ॲडॉप्टर, आणि पेडलांवर हात सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, आवडतं पेडल विकून मिनी घेतात आणि पेटी तीच ठेवतात. आता माझं सगळं बॅगेसकट साडेतीन किलो आहे. दोन डझन हापूसचा बॉक्स साधारण सहा किलो होतो, त्याच्यापेक्षा तुमचा बोर्ड जड असेल तर परत विचार करा.

मग कुठली पेडलं ठेवू?

मागचे पाच कार्यक्रम आठवा आणि खरोखर कुठल्या बटणावर पाय पडला ते कागदावर लिहा. माझ्या यादीत ट्यूनर (सूर जुळवायला), एक ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडायला) आणि डिले (आवाज परत परत ऐकू यायला), बस. कोरस दोन गाण्यांना. फेजर पाच कार्यक्रमांत शून्य वेळा, आणि तो मी तीन वर्षं वाहत होतो.

ट्यूनर मात्र काढू नका. दमट हवेत लाकूड फुगतं, त्यात स्टेजवरच्या हॅलोजनची गरमी, दर तीन गाण्यांनी गिटार उतरते. शिवाय ट्यूनर दाबला की आवाज बंद होतो, गिटार बदलताना तो 'फट्' आवाज लोकांना ऐकावा लागत नाही. क्लिपवाला ट्यूनर चालतो पण शेजारी ढोल वाजत असला की त्याची सुई वेड्यासारखी हलते, कारण तो लाकडाच्या थरथरीवर चालतो.

क्रम विचारतात बरेच जण, तर ट्यूनर, मग वाह असेल तर तो, मग ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन, मग कोरस वगैरे, मग डिले, शेवटी रिव्हर्ब (आवाज घुमवणारं). हा काही कायदा नाही. पण डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावून बघा एकदा, प्रत्येक घुमणारा आवाज परत परत फाटतो आणि सगळा चिखल होतो.

मिनी पेडलं घेऊ का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. जागा अर्धी लागते हे खरं. पण बहुतेक मिनी पेडलांत ९ व्होल्टची बॅटरी बसतच नाही, म्हणजे सप्लाय गेला की खेळ खलास. नॉब एवढे बारीक की अंधारात घामट बोटाने फिरवताना शेजारचा पण फिरतो. आणि ती इतकी हलकी असतात की केबलच्या ओढीने उलटतात, त्यामुळे बोर्डाला घट्ट चिकटवणं आलंच.

माझं गणित साधं आहे. जे एकदा सेट करून सोडून द्यायचं ते मिनी, जसं ट्यूनर, बूस्टर (आवाज वाढवणारा), लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारा). ज्याचे नॉब गाण्यागणिक बदलतात ते मोठं, म्हणजे डिले.

ॲल्युमिनियम, प्लाय की लोखंड? आमचं घर समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईत कोणी विचारत नाही, पण आपल्याकडे हाच पहिला पाहिजे. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, आणि त्यावरचा रंग एकदा ओरखडला की खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंज. तेव्हा लोखंड नकोच.

ॲल्युमिनियमवर स्वतःचाच एक पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला वाचवतो, म्हणून ते टिकतं. पण मिठाची हवा त्यालाही बारीक बारीक भोकं पाडते, पांढरी पावडर दिसायला लागते. सगळ्यात वाईट म्हणजे ॲल्युमिनियमच्या बोर्डाला साधे लोखंडी स्क्रू. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, तिथून कुरतडणं सुरू. स्क्रू स्टेनलेसचेच लावा आणि पावडर कोटिंगवाला बोर्ड मिळाला तर उत्तम. कार्यक्रमाहून आलं की ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा, नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ फक्त पसरतं.

प्लायही चांगला आहे, पण साधा कमर्शियल नको, कडा फुगतात आणि थर सुटतात. मरीन प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो तो बघून घ्या.

सुताराकडून करून घेऊ का? स्वस्त पडेल?

पडेल, आणि मी स्वतः हेच सुचवेन. ९ मिलिमीटर मरीन प्लाय, १६ बाय ८ इंचांचा तुकडा, तो नेहमी कुठल्यातरी किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेला असतोच. मागची बाजू दोन इंच उचललेली, पुढची अर्धा इंच, म्हणजे मागच्या ओळीवर पाय जातो आणि खाली सप्लाय बसतो. मधोमध दोन लांब खाचा, केबली खाली उतरवायला. त्या खाचा सांगायला विसरू नका, माझ्या सुताराने पहिल्यांदा पाटच करून दिला, त्यावर बसून नारळ खवता आला असता.

कापलेल्या कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात हवेतच, पाणी शिरतं ते कडेतून. एका मित्राने तर सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखा लाल-पिवळा रंगवून घेतला, अंधारात बोर्ड शोधावा लागत नाही त्याला.

फणसाच्या किंवा ऐनाच्या फळीचा मोह आवरा. दिसते सुंदर, पण वजन बघितलंत की पाखाडी आठवेल.

पॉवर सप्लायचं काहीच कळत नाही, साध्या भाषेत सांगा.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली व्होल्ट, बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो. ९ च्या जागी १८ दिलात तर काही पेडलं सहन करतात पण बरीच जळतात, तेव्हा पेडलावर लिहिलंय तेवढंच. दुसरी, पिन. गिटार पेडलांत मध्ये मायनस आणि बाहेर प्लस असतो, घरातल्या राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये बहुतेकदा उलटा, आणि पिन तीच दिसते. राउटरचा ॲडॉप्टर लावून डिले जाळणारे दोन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मीच. तिसरी, मिलीअँप. इथे सप्लायचा आकडा जास्त असला तर काही बिघडत नाही, पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं. कमी असला तर मात्र डिजिटल पेडल चालूबंद होतं किंवा विचित्र आवाज काढतं.

बेरीज करून बघू. बॉसचा टीयू-थ्री ट्यूनर ८५ पर्यंत जातो, ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह २० धरा, डिटो लूपरला १००, एखादा डिजिटल रिव्हर्ब १५० धरला, झाले ३५५ मिलीअँप. म्हणजे ५०० चा सप्लाय पुरतो आणि थोडा श्वास राहतो. काही मोठी डिजिटल पेडलं एकटीच ३०० मागतात, तेव्हा पेडलाच्या मागचं वाचल्याशिवाय सप्लाय घेऊ नका.

एकाच ॲडॉप्टरवरून सगळ्यांना वायर काढली तर? डेझी चेन म्हणतात ती.

सगळ्यात हलका उपाय तोच, आणि तीन-चार ॲनालॉग पेडलं असतील तर बिनधास्त चालतो. डिजिटल पेडल त्यात आलं की किर्रर्र असा बारीक आवाज यायला लागतो, कारण त्याच्या आतल्या घड्याळाची (डिजिटल सर्किट चालवणाऱ्या क्लॉकची) खरखर त्याच वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि ओव्हरड्राइव्ह ती मोठी करून दाखवतो. तेव्हा आयसोलेटेड सप्लाय घ्या, त्यात प्रत्येक आउटपुट दुसऱ्यापासून वेगळा असतो. निव्वळ पाच भोकं दिसली म्हणून आयसोलेटेड समजू नका, कित्येक स्वस्त डबे आतून डेझी चेनच असतात.

आणि जुन्या पद्धतीचे काही जर्मेनियम फझ (आवाज जोरात फाडणारी पेडलं) असतात ज्यांचा ग्राउंड प्लसला असतो, ते डेझी चेनवर लावलात तर थेट शॉर्ट.

लाइट जाते हो आमच्याकडे. पॉवर बँकेवर चालेल?

चालतं, मी भजनाला हेच वापरतो. पॉवर बँक ५ व्होल्ट देते, त्यातून ९ व्होल्ट करणारी स्टेप-अप केबल मिळते. हिशेब असा, ३०० मिलीअँप गुणिले ९ व्होल्ट म्हणजे २.७ वॉट, केबलमध्ये नि बँकेत वाया जाणारं धरून ३.६ वॉट म्हणा. १०,००० एमएएचच्या बँकेत साधारण ३७ वॉट-तास असतात, म्हणजे कागदावर दहा तास. बँक जुनी असेल तर सहा-सात धरा, तेवढ्यात डबलबारीसुद्धा (दोन भजनी बुवांचा सामना) आटपते.

भानगड दोन. बोर्ड फारच कमी करंट ओढत असेल तर काही बँका समजतात की फोन चार्ज झाला आणि आपोआप बंद होतात. माझी आरतीच्या मध्यावर बंद झाली होती. आणि स्वस्त स्टेप-अप केबल शिट्टीसारखा आवाज टाकते, म्हणून आधी घरी फुल आवाजावर तपासा. पिन मध्ये मायनस आहे का हे इथेही बघायचंच.

मंडपात गुणगुण येते, घरी येत नाही. बोर्ड खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. मंडपात लाइटच्या माळा, डिमर, जनरेटर सगळं एकाच वायरवर, आणि अर्थिंगच्या नावाने बोंब. एकदा मी साऊंडवाल्याला विचारलं अर्थिंग कुठे दिलंय, तर तो म्हणाला, "अर्थिंग? ता काय असता?"

हसण्यावारी नेऊ नका मात्र. तारांवर हात आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो तो याचमुळे, आणि तो जिवावरही बेतू शकतो. अँप आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या पॉइंटवरून घ्यायला सांगा, टेस्टरने अँपची बॉडी तपासा, तिथे दिवा लागला तर गिटार लावूच नका, कार्यक्रम गेला खड्ड्यात. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

एवढं सगळं ठीक असेल आणि तरी गुणगुण असेल तर गिटार घेऊन जागच्या जागी वळून बघा. वळल्यावर कमी-जास्त झाली तर ती बोर्डाची नाही, गिटारवरच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या एका वेटोळ्याच्या चुंबकाची) आहे.

पॅच केबल कुठल्या?

चपट्या जॅकच्या, १५ सेंटिमीटरच्या, सोल्डर केलेल्या. बिनसोल्डरच्या किटा छान दिसतात पण बोर्ड एसटीच्या रॅकवरून दोनदा प्रवास करून आला की एक तरी सुटते. एक जास्तीची बॅगेत ठेवा.

लांब केबलचाही एक मुद्दा आहे. केबलमध्ये मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, ती जितकी लांब तितका वरचा चमकदार आवाज गळतो. बोर्डावर एखादं बफरवालं (सिग्नलला जोर देणारं सर्किट असलेलं) पेडल असेल, बॉसची बहुतेक तशीच असतात, तर त्याच्या पुढच्या केबलने फरक पडत नाही. सगळीच पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे सोडणारी) घ्यायचा हट्ट कशाला, मला आजवर कळलेलं नाही.

वेल्क्रो पावसात सुटतो. काय करू?

वेल्क्रो सुटत नाही, त्याचा गोंद सुटतो. गवतातून चालल्यावर कुसळं पँटला धरतात ना, वेल्क्रो तसाच धरतो, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना त्याची कल्पना कुत्र्याच्या केसात अडकलेल्या अशाच काटेरी फळांवरून सुचली. पेडलाखालचा भाग आधी सर्जिकल स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी चिकटवून वर वजन ठेवून रात्रभर सोडा. रबरी बूड असेल तर त्यावर गोंद नीट धरत नाही, ते रबर सोलून जपून ठेवा. मऊ पट्टी बोर्डाला, खरखरीत पेडलाला. कायमचंच बसवायचं असेल तर थ्रीएमचं ड्युअल लॉक बघा, पण ते काढताना पेडलाबरोबर कधी कधी रंगही येतो.

जून ते सप्टेंबर बोर्ड कसा ठेवायचा?

बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका, ओल आतच राहते आणि जॅकवर बुरशी. झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या ओलावल्या की गरम करून परत वापरता येतात. बॅटरी काढून ठेवा, ती फुटून आतलं पाणी सर्किटवर गेलं की संपलं. नॉब खरखरायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा फिरवायचा. आठवड्यातून एकदा बोर्ड लावून वाजवा, यापेक्षा चांगला उपाय नाही.

एवढ्यापेक्षा एक मल्टी इफेक्ट घेतला तर?

खरं उत्तर हवंय? नवशिक्याने तेच घ्यावं. झूमचा जी-वन फोर अर्ध्या किलोच्या आत आहे, चार पेन्सिल सेलवर चालतो, ट्यूनर-लूपर आतच. माझ्या पाखाडीच्या सगळ्या रडगाण्यावर तो एकटा उत्तर आहे. मग मी का वापरत नाही? कारण स्टेजवर मला डिलेचा नॉब वाकून हाताने फिरवायचा असतो, मेनूत शिरायचं नसतं. आणि तो बिघडला की सगळंच बिघडतं, पेडल बिघडलं तर एकच जातं.

बॅग कशी? प्रवास एसटी, रेल्वे आणि कधी विमान.

पॅड असलेली मऊ बॅग, खांद्याचा पट्टा रुंद. एसटीत मांडीवर, मांडवी एक्सप्रेसमध्ये बर्थच्या डोक्याशी, रॅकवर नको. मांडव्याहून गेटवेला लाँचने जाताना पाणी उडतं, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. देशातल्या विमानांत केबिन बॅगेला साधारण ७ किलो मिळतात, म्हणजे छोटा बोर्ड तुमच्याबरोबर वर येतो. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इन बॅगेत चालत नाही.

मी भजनात अकॉस्टिक वाजवतो, मला काय लागेल?

ट्यूनर आणि एक डीआय (गिटार थेट मिक्सरला जोडायचा डबा) किंवा प्रीअँप (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा). थोडा रिव्हर्ब साऊंडवाला देतोच, बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त. त्याला बोर्ड नको, जेवणाच्या डब्याची पिशवी पुरते.

तुमच्या बोर्डावर सध्या काय आहे?

मिनी ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, मिनी लूपर, खाली छोटा आयसोलेटेड सप्लाय. फळी त्याच सुताराची, दुसऱ्या खेपेची, खाचांसकट. वाह कपाटावर आहे, गेल्या शिमग्याला आमच्या पोराने त्यात गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखा पाय देऊन बघितला, तेव्हापासून तो त्याचाच झालाय.